विचारमंथन, ऊहापोह की रापण?

आमच्या बचत गटाच्या बैठकीची सूचना मीच लिहिली होती : ‘कोकम आगळाच्या बाटलीला नाव शोधण्यासाठी विचारमंथन.’ (आगळ म्हणजे कोकमाचा दाट रस.) मालवण तालुक्यातली आचऱ्याजवळची वाडी, माणसं पंधरा-सोळा. सूचना वाचून एक आजी म्हणाल्या, “घुसळतलास खरा, पण दही खंय आसा?”

मुद्दा बिनतोड होता. मंथनाला आधी काहीतरी साठलेलं लागतं. समुद्रमंथनातली रत्नंसुद्धा समुद्रात होतीच, घुसळल्यावर वर आली. आमच्याकडे घुसळायला एकही नाव नव्हतं. म्हणून या मंचावर विचारलं की, चार जणांनी बसून नुसत्या कल्पना काढायच्या, बऱ्या-वाईटाचा निवाडा नंतर, या ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? उत्तरं भरपूर आली. त्यांवर माझं म्हणणं असं.

‘मेंदूवादळ’ सुचवणाऱ्यांना हात जोडून नकार. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ज्यांच्या पोफळी आडव्या झाल्या, त्यांना वादळात कल्पना सुचतात हे पटवायला जाऊ नये. शिवाय मूळ शब्दातही पाऊस-वारा नाहीच. अॅलेक्स ऑस्बर्न हा अमेरिकन जाहिरातवाला. त्याने १९३९ मध्ये आपल्या कंपनीत अशा बैठका सुरू केल्या आणि १९४८ च्या पुस्तकात त्या समजावताना कमांडोंसारखं एकाच लक्ष्यावर तुटून पडण्याची उपमा दिली. म्हणजे तिथला ‘स्टॉर्म’ हा हल्ला आहे. त्याच्याआधी तर या शब्दाचा अर्थ डोक्यात उठलेला वेडाचा झटका असा होता, आणि काही बैठका पाहता तो अर्थ अजून मोडीत निघालेला नाही.

‘खल’ चांगला शब्द आहे, पण तो खलबत्त्यातला. औषध खलायचं तर मुळी आधी आणावी लागते, म्हणजे अडचण मंथनाचीच. ‘खलबत’ त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण नातं काही नाही. तो फारसीतून आलेला, एकांताचा शब्द. दार लावून दोघा-तिघांनी करायचं ते खलबत. ‘मसलत’ही दरबारी. आमच्या बैठकीला दारच नव्हतं, ती मांगरात, म्हणजे उघड्या खोपीत होती.

‘काथ्याकूट’ कोणीतरी थट्टेने लिहिलं. यावर मला जरा भांडायचं आहे. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालतात, मग लाकडी दांड्याने बडवतात, तेव्हा कुठे धागा सुटतो आणि सुंभ वळता येतो. काथ्या कुटल्याशिवाय दोरी नाही. हा शब्द निष्फळ चर्चेला लावणाऱ्याने बडवणं पाहिलं, पुढचं सुंभ पाहायला तो थांबला नसावा. पण अर्थ आता रुळला, बदलणार नाही. ‘गुऱ्हाळ’ची गत तीच. वर्षाचा गूळ तिथूनच येतो, तरी ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ म्हटलं की लोक घड्याळ पाहतात.

‘गजाली’, म्हणजे आमच्या मालवणी गप्पा, मला सर्वांत प्रिय, पण गजालीला विषयाचं बंधन नसतं. आगळाच्या नावावरून निघालेली गजाल कोणाच्या लग्नात जाऊन बसेल सांगता येत नाही. गाऱ्हाणं तर नकोच! एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, हे देवळात शोभतं. बैठकीत मात्र अध्यक्ष असला की ते आपोआप घडतं.

चिपळूणच्या एका काकांनी ‘ऊहापोह’ सुचवला. आधी मला तो फारच पुस्तकी वाटला. मग फोड केली : ऊह अधिक अपोह. ऊह म्हणजे तर्क करणं, कल्पना मांडणं. अपोह म्हणजे नको ते बाजूला काढणं. काका, आपल्याला हवी ती रीत या एका शब्दात आहे, फक्त दोन्ही अर्धे जोडलेले आहेत. ऑस्बर्नचा पहिला नियम हाच की ते तोडायचे : आधी नुसता ऊह, अपोह मागून. पण बैठकीत “चला, ऊह करू” म्हटलं तर पोट दुखतंय असं वाटेल.

मराठीचा खरा शब्द ‘सुचणं’, आणि तिथे व्याकरण आडवं येतं. ‘मी सुचतो’ असं होत नाही, ‘मला सुचतं’. कोणाला ‘सूच!’ अशी आज्ञा करता येत नाही. म्हणजे भाषेनेच ठरवलंय की ते आपण करत नाही, आपल्याला होतं, आणि बहुधा एकट्याला होतं. येल विद्यापीठात १९५८ साली पडताळून पाहिलं, तेव्हा चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना मिळून जास्त भरल्या. एकत्र करता येतं ते ‘सुचवणं’. मारामारी, ढकलाढकली तशी ‘सुचवासुचवी’ म्हणून पाहा. कानाला हलकी वाटते, पण चुकीची नाही.

माझा कौल मात्र रापणीला. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात आणि हाताला लागेल तो माणूस ओढायला लागतो. जाळं ओढताना कोणी म्हणत नाही की बांगडाच येऊ दे, तारली नको. जे येईल ते वाळूवर येतं, तारली, पेडवे, खेकडे, कचरा, सगळं. निवडणं त्यानंतर. आणि ओढणाऱ्यालाही वाटा मिळतो. हा शब्द घाटावर कळणार नाही, अशी हरकत एका ताईंनी घेतली आहे. बरोबर आहे, पण ‘गुऱ्हाळ’ आम्हाला कळलंच ना, ऊस न लावता?

इतिवृत्तात हे लिहायची हिंमत झाली नाही. तिथे ‘उपस्थितांनी २३ नावे सुचवली, निवड पुढील बैठकीत’ असं साधं लिहिलं. पुढच्या सूचनेत मात्र ‘विचारमंथन’च राहू दिलंय. आता दही आहे.