डेबियन १२ मध्ये सिसलॉग गायब: चूक की धोरण?

प्रश्न
सर्व्हरवर डेबियन लिनक्स १२ नव्याने टाकलंय. /व्हार/लॉग मध्ये ना सिसलॉग (सिस्टमच्या नोंदी), ना ऑथ.लॉग (लॉगिनच्या नोंदी). फेल२बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारे पत्ते अडवणारा प्रोग्राम) सुरूच होत नाही. एसएसएचडी (दूरवरून लॉगिन करू देणारी सेवा) जेलसाठी, म्हणजे तिच्या नियमगटासाठी, लॉग फाइल सापडत नाही म्हणतं. ११ वरून अपग्रेड केलेल्या मशीनवर मात्र सगळं जागच्या जागी आहे. ग्रेपने फाइलमध्ये शब्द शोधला की काम झालं, ही युनिक्सची सोय का मोडली?

उत्तर १
मुद्दाम केलंय. १२ पासून आरसिसलॉग (मजकुराच्या लॉग फाइली लिहिणारा प्रोग्राम) आपोआप टाकलं जात नाही. अपग्रेडमध्ये आधीचं तसंच राहतं. लॉग आहेत, जर्नलडी (सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचा नोंदी ठेवणारा भाग) ते /व्हार/लॉग/जर्नल मध्ये बायनरी, म्हणजे साध्या मजकुरात नाही अशा रूपात, ठेवतं. 'जर्नलसीटीएल -यू एसएसएच' मारा. मागचं बूट हवं तर -बी -१, फक्त कर्नल हवा तर -के. युजर एडीएम किंवा सिस्टमडी-जर्नल ग्रुपमध्ये नसला तर सिस्टमच्या नोंदी दिसत नाहीत, आणि लॉग रिकामाच आहे असं वाटतं.

फेल२बॅनसाठी पायथन३-सिस्टमडी पॅकेज टाका, जेल.लोकल मध्ये [एसएसएचडी] खाली 'बॅकएंड = सिस्टमडी' लिहा आणि रीस्टार्ट करा. पॅकेज विसरलात तर बॅकएंड लोडच होणार नाही.

उत्तर २
'का' राहिलंच. साध्या मजकुराच्या लॉगमध्ये ओळ कोणी लिहिली याची खात्री नसते. कोणत्याही युजरने 'लॉगर -पी ऑथ.इन्फो -टी एसएसएचडी' मारून खोटं लॉगिन लिहावं, ऑथ.लॉगमध्ये ते खऱ्यासारखंच दिसतं. जर्नलमध्ये तीच नोंद '-ओ व्हर्बोज' ने पाहा: _यूआयडी (युजर क्रमांक) त्या युजरचा, _कॉम (प्रोग्रामचं नाव) 'लॉगर'. अंडरस्कोरची फील्ड पाठवणारा भरू शकत नाही, जर्नलडी स्वतः भरतं. '-यू एसएसएच' मध्ये तर ती ओळ येतच नाही. (-टी ने शोधलंत तर येईल, तेवढं सांभाळा.) डेबियनने २०१५ साली ८ व्या आवृत्तीत सिस्टमडी घेतलं, त्यामुळे हा बदल आज ना उद्या व्हायचाच होता.

उत्तर ३
पटलं, पण किंमतही सांगा. मशीन बूट होत नसेल तर डिस्क दुसरीकडे माउंट करून 'जर्नलसीटीएल -डी' ला ती डिरेक्टरी द्यावी लागते, आणि जुन्या रेस्क्यू डिस्कवरचं जर्नलसीटीएल नव्या फाइली नाकारू शकतं. लेससारख्या साध्या मजकूर-वाचकाने तिथे काही वाचता येत नाही. मजकूर हवाच असेल तर 'ॲप्ट इन्स्टॉल आरसिसलॉग', दोन्ही फाइली परत येतात. मग लॉग दोनदा साठतो. जर्नलची मर्यादा मुळात फाइलसिस्टमच्या १०%, जास्तीत जास्त ४ जीबी असते. छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) जर्नलडी.कॉन्फ मध्ये 'सिस्टममॅक्सयूज=२००एम' टाका आणि सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा.