गायकनट की गायक-अभिनेता?

मंजिरी
डॉ. वसंतराव देशपांड्यांवर छोटा लेख लिहितेय. ‘गायक-अभिनेते’ असं लिहिलं होतं, आमच्या काकांनी ते खोडून ‘गायकनट’ केलं. फरक आहे का काही? ‘नटगायक’ही कुठेतरी वाचलंय.

तिसरी घंटा
काका बरोबर आहेत. ‘गायकनट’ हा नाटक कंपन्यांमधला शब्द. १८८० साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक आलं आणि पुढे गाता गळा ही नटाची पहिली अट होऊन बसली. म्हणून तर न गाणाऱ्याला ‘गद्य नट’ असं वेगळं म्हणायची वेळ आली, उदा. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी. अशा समासात शेवटचा शब्द मुख्य, म्हणजे मुळात नट, तोही गाणारा. ‘नटगायक’ उलटा होईल.

चोखंदळ
समास कागदावर ठीक आहे हो! लोक तिकीट काढायचे ते पदांसाठी, म्हणजे नाटकातल्या गाण्यांसाठी. एकेका पदाला चार-चार वन्समोअर, नायिका मघाशी का रुसली होती ते प्रेक्षकही विसरायचे आणि कधीकधी नायिकाही. त्यांना नटगायकच म्हणा.

ऑर्गनवाला
सरसकट नको. ‘मानापमान’मधलं भामिनीचं ‘नाही मी बोलत नाथा’ घ्या. बालगंधर्वांच्या तोंडी ‘नाही’वरची लाडिक ओढ आधी रुसवा असते, मग सूर. भामिनी काही गवयाची मुलगी नाही, गाणं हेच तिचं बोलणं. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (१९६७) मामला वेगळा. तिथे खाँसाहेब पेशानेच गवई, त्यामुळे वसंतरावांनी तान घेतली की ती पात्राचीच तान. दोन्हीकडे अभिनय आणि गाणं एकाच माणसाच्या एकाच श्वासात, म्हणून गायकनट. ‘गायक-अभिनेता’ मधली रेघ दोन वेगळे धंदे दाखवते: आज मालिका, उद्या अल्बम. त्यात कमीपणा नाही, पण गोष्ट निराळी.

तिसरी घंटा
+१. २०१५च्या ‘कट्यार’ सिनेमात तर माणसंच वेगळी झाली. सदाशिव सुबोध भावे, गळा महेश काळेंचा; खाँसाहेब सचिन पिळगांवकर, गळा राहुल देशपांड्यांचा. पंडितजी झालेले शंकर महादेवन तेवढे स्वतः गायले. सिनेमातल्या त्या मंडळींत जुन्या अर्थाचा गायकनट शोधायचा तर तोच एक, आणि तोही पेशाने नट नव्हे!

मंजिरी
मग ज्योत्स्नाबाई भोळे, जयमालाबाई शिलेदार, फैय्याज यांना काय म्हणायचं? ‘गायकनटी’?

ऑर्गनवाला
ताई, ‘नटी’ म्हटलं की एक तर नांदीनंतरची सूत्रधाराची बायको आठवते, नाहीतर सिनेमाच्या पानावरची गॉसिप. ‘गायिका-अभिनेत्री’ रुळलंय, तेच ठेवा. रेघ खटकते खरी, पण पर्याय नाही. वसंतरावांना मात्र नुसतं ‘गायकनट’ अपुरं पडेल. त्यांची मैफल रंगभूमीच्या आधीपासूनची आणि शेवटपर्यंतची. ‘गवई आणि गायकनट’ लिहा, काकाही खोडणार नाहीत.