दहशतवादावर विनोदी सिनेमा काढावा का?

गंगापूररोड:
माझं मत, काढावाच. अतिरेक्याला गूढ आणि अजिंक्य दाखवणारे सिनेमे त्याची फुकट जाहिरात करतात. हसं झालं की हवा जाते. ‘फोर लायन्स’ (२०१०) बघा. शेफील्डची बिनडोक पोरं आत्मघाती हल्ल्याचा कट रचतात. एकजण कावळ्यावर बॉम्ब बांधायचा बेत करतो आणि पुढे स्फोटकं घेऊन पळताना मेंढीला अडखळून स्वतःच उडतो. त्याच वर्षीच्या ‘तेरे बिन लादेन’मध्ये कराचीचा पत्रकार अमेरिकेला जाता यावं म्हणून एका कोंबडीवाल्याला लादेन बनवून खोटी टेप काढतो. पाकिस्तानने बंदी घातली. मिरची झोंबली म्हणजे नेम बरोबर लागला!

देवळालीकर:
गंगापूर रोडला बसून बोलणं सोपं आहे, साहेब. आमच्याकडे तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडकीची तावदानं थरथरतात, फडताळातल्या कपबशा वाजतात. शेजारी कारगिल पाहिलेले निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्यासोबत ‘वॉर छोड ना यार’ (२०१३) लावला होता. सीमेवर दोन्हीकडच्या जवानांची यारी-दोस्ती बघून मध्यंतरालाच चपला घालून घरी गेले. एक शब्द बोलले नाहीत. ज्याने मित्राची शवपेटी उचलली, त्याला कसलं हसवता?

गंगापूररोड:
जवानावर हसू नये, शंभर टक्के मान्य. हुकूम सोडणाऱ्यांवर हसा की! ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) क्युबाच्या क्षेपणास्त्र संकटानंतर दीड वर्षाच्या आत आला. एक माथेफिरू जनरल परस्पर अणुहल्ल्याचा हुकूम देतो. जग बुडायच्या बेतात असताना दोघं झटापट करतात, तर राष्ट्राध्यक्ष ओरडतात, इथे मारामारी करू नका, ही वॉर रूम आहे!

पाथर्डीफाटा:
आणि उपयोग काय झाला? चॅप्लिनने १९४० मध्ये ‘द ग्रेट डिक्टेटर’ काढला, हिटलरच्या केसालाही धक्का लागला नाही. उलट चॅप्लिननेच आत्मचरित्रात लिहिलंय की छळछावण्यांमधली खरी भीषणता ठाऊक असती, तर हा सिनेमा काढूच शकलो नसतो. आता बोला.

गंगापूररोड:
ठाऊक नव्हतं हे बरंच झालं म्हणायचं. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. बाकीचे गप्प असताना या माणसाने हिटलरची टर उडवली. सिनेमाने रणगाडे थांबवावेत ही अपेक्षा कुठल्या गंभीर युद्धपटाकडून करता का?

देवळालीकर:
बरं, मग २६/११ वर काढा विनोदी सिनेमा. सीएसटीवर माणसं पडली, त्यावर हसवा.

गंगापूररोड:
माणसांवर नाहीच. वाहिन्यांवर काढेन. ताजमध्ये कमांडो शिरतायत, बाहेर कॅमेरे ते थेट दाखवतायत आणि पाकिस्तानातले सूत्रधार टीव्ही बघून आतल्यांना फोनवर सूचना देतायत. सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या कसाबच्या निकालात यावर कडक ताशेरे ओढलेत. याहून काळा विनोद कोण लिहिणार?

देवळालीकर:
हा बघेन. कमांडोच्या तोंडी पांचट डायलॉग मात्र नकोत.

पाथर्डीफाटा:
आणि प्रमोशन कुठल्या वाहिनीवर करणार?