सोऽहं मधल्या 'अहं'चं काय करायचं?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही रत्नागिरीकडचे, त्यामुळे पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या (१९०३–१९७४) समाधीला जाणं लहानपणापासूनचं. स्वामी नाथपरंपरेतले, साधना सोऽहंची: श्वास घेताना 'सो', सोडताना 'हं'. सः अहम्, तो मीच. मग सोडायचा तो अहंकार कुठला? आमच्या भजनाचे बुवा म्हणतात, आधी 'दासोऽहं' म्हणा, नम्रता राहते. (बुवांच्या पेटीला दुसऱ्याने हात लावलेला चालत नाही, ते असो.) आई म्हणते, मिठाचा खडा खाडीत पडला की खडा उरतो का? पटतं. पण मी डोळे मिटून बसलो की 'बघा, मी साधना करतोय' हाच खडा मोठा होतो! प्रत्यक्ष साधना करणाऱ्यांनी सांगा ना, सुरुवात कशाने करावी?