पुढच्या अंतराळ दुर्बिणी तरी उघडता येतील अशा करणार का?

उद्यमबागचा फिटर
एका कारखान्यात २२ वर्षं मेंटेनन्सला आहे. परवा रात्रपाळीत एक साधं ऑइल सील बदलायला निम्मं मशीन सोडलं. ड्रॉइंग काढणाऱ्यानं जन्मात पाना धरला नसणार. सकाळी घरी आलो तर लेक जेम्स वेब दुर्बिणीचं वाचत बसलेली. म्हणाली, "बाबा, ही बिघडली तर कुणी जाऊच शकत नाही." ६.५ मीटरचा आरसा, आणि दुरुस्तीची सोयच नाही? आधीच्या हबल दुर्बिणीकडं तर माणसं पाच वेळा जाऊन आली की! पुढच्या दुर्बिणींचं काय ठरलंय?

निपाणीचे मास्तर
भाऊ, हबल वर आहे साधारण बेळगाव-मुंबई अंतरावर. वेब १५ लाख किलोमीटरवर. तिथवर शटल, म्हणजे हबलकडं माणसं नेणारं यान, कधी जाऊच शकत नव्हतं. शिवाय हबलची उपकरणं पहिल्यापासून कपाटाच्या खणासारखी, ओढून काढायची. म्हणून तर वाचली. १९९० मध्ये सोडली तेव्हा आरशाची कड २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त घासलेली निघाली. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिला जणू चष्मा बसवला.
२०४० च्या दशकासाठी नासा 'हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी' आखतंय. तीही तेवढ्याच लांब, पण रोबोटनं दुरुस्ती करायची हे आधीच धरून.

उद्यमबागचा फिटर
२.२ मायक्रॉन! आमच्याकडं १० मायक्रॉनचा जॉब आला तर इन्स्पेक्शनवाल्याची झोप उडते. पण मास्तर, रोबोटला डोक्याची खाच झिजलेला स्क्रू लागला तर?

खानापूरकर ताई
माणसालाही लागलाय. २००९ मध्ये माइक मॅसिमिनो हा अंतराळवीर हबलचा एक स्पेक्ट्रोग्राफ (प्रकाशाचे रंग वेगळे करून तपासणारं उपकरण) दुरुस्त करत होता. आडव्या येणाऱ्या दांडीचा एक स्क्रू फिरेना. शेवटी हातानं हिसडून दांडीच मोडली! स्पेक्ट्रोग्राफच्या आतल्या झाकणाला १११ बारीक स्क्रू. एकही तरंगत दुर्बिणीत जाऊ नये म्हणून वरून एक खास प्लेट बसवलेली. स्क्रू सुटायचा, पण प्लेटमध्येच अडकून राहायचा.

निपाणीचे मास्तर
ताईंनी बरोबर दाखवलं. ते उपकरण वर जाऊन उघडायचं असं कुणी धरलंच नव्हतं. तिकडं १५ लाख किलोमीटरवर तर असली झटापट नकोच. संदेश जायला ५ सेकंद, यायला ५. इथं बसून रोबोटचा हात हलवला की तो हलला का हे १० सेकंदांनी कळणार. म्हणून स्क्रू न उघडता अख्खा खण बदलायचा, हाच विचार जास्त बरा.

उद्यमबागचा फिटर
म्हणजे गाइड पिन लावून डबाच सरकवायचा. पटलं. दुर्बिणीचं ते बघून घेतील, मला त्या प्लेटनं धरलंय. आमच्या गिअरबॉक्सच्या कव्हरचे स्क्रू दरवेळी तेलात पडतात, मग मॅग्नेट घेऊन शोधत बसायचं. ताई, प्लेट आरपार दिसणारी होती का? ॲक्रिलिकची जाड शीट खडेबाजारात मिळते का कुठं?