लेबल ऐच्छिक, पण कोणासाठी?

या चर्चेत एकांनी लिहिलंय की माल पर्यावरण सांभाळून पिकवल्याची खात्री देणारी परदेशी लेबलं ऐच्छिक असतात, नको असेल त्यानं घेऊ नये. कागदावर बरोबर आहे. पण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला युरोपातल्या सुपरमार्केटमध्ये माल द्यायचा असेल, तर ग्लोबल गॅप या, शेतीच्या चांगल्या पद्धती पाळल्याच्या खासगी प्रमाणपत्राशिवाय निर्यातदार सहसा बागेत पाऊलही टाकत नाही. मग ऐच्छिक कसलं?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या आपल्या सीसीसी औषधाच्या, मर्यादेपेक्षा जास्त अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली. बागायतदारांचं कंबरडं मोडलं. पण ती मर्यादा युरोपीय कायद्याची होती. कायद्याविरुद्ध सरकार जागतिक व्यापार संघटनेत दाद मागू शकतं. ग्लोबल गॅपचे नियम मात्र खासगी संस्थेचे. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स या चिमुकल्या देशानं २००५ मध्ये केळ्यांच्या निमित्तानं खासगी नियमांचा हाच प्रश्न व्यापार संघटनेत मांडला. खासगी मानकांना आवर घालणारा पक्का नियम त्यातून निघाला नाही.

लेबलांमुळे फवारणीच्या नोंदी, पाणी-माती तपासणी, मजुरांची सुरक्षा सुधारली, हे मी मनापासून मान्य करतो. माझा राग खर्चाच्या वाटणीवर आहे. ऑडिटची फी, औषधांची वेगळी खोली, तपासण्या, सगळं शेतकऱ्याच्या खिशातून. दोन एकरवाल्याला हे एकट्यानं झेपत नाही. अनेक शेतकऱ्यांनी मिळून एकच प्रमाणपत्र घ्यायची, म्हणजे गट प्रमाणपत्राची सोय आहे, दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्याच कंपन्यांमुळे लहान बागायतदारही निर्यातीत टिकतात. असे गट तालुक्यातालुक्यात हवेत, आणि पहिल्या काही वर्षांची फी सरकारनं उचलावी.