विंडोज नव्याने टाकली आणि डी ड्राइव्हच गायब, जुन्या फाइल्स परत मिळतील का?

नमस्कार मंडळी,

घरातला जुना लॅपटॉप फारच रखडायला लागला म्हणून दुरुस्तीला दिला होता. विंडोज नव्याने टाकायची, पण डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, असं देतानाच बजावलं होतं. परत आला तर डी ड्राइव्हच नाही! आधी सी आणि डी असे दोन भाग होते, आता एकच सी दिसतो, जवळपास ९३१ जीबीचा. विचारलं तर "फॉरमॅट झालंय, आता काही होणार नाही" एवढंच उत्तर मिळालं.

डीमध्ये आजोबांच्या रोजनिश्या होत्या. आईने त्या एकेक ओळ लावून वर्डमध्ये टाइप केल्या होत्या, वर्षावार फोल्डर करून. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे हीच एकमेव प्रत. काही पानांचे स्कॅनही होते. आईला अजून सांगायचा धीर झालेला नाही.

जुन्या विंडोजच्या फाइल्स ज्यात राहतात ते विंडोज-ओल्ड नावाचं फोल्डर शोधलं, सापडलं नाही. डिस्क साधी फिरणारी आहे, १ टीबीची, एसएसडी नव्हे. फाइल्स परत आणणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर उतरवून चालवू का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, काहीही उतरवू नका. लॅपटॉप आधी बंद करा. त्याच डिस्कवर उतरवलेलं सॉफ्टवेअर नेमकं तुमच्या फाइलच्या जागेवर जाऊन बसू शकतं, आणि एकदा वर दुसरं काही लिहिलं गेलं की ती जागा कायमची गेली. विंडोज चालू असली की अपडेटच्या निमित्ताने ती स्वतःही सतत काहीतरी लिहीत असते.

रोजनिश्यांचं फोल्डर वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला) जोडलेलं होतं का, तेही दुसऱ्या मशीनवरून बघून घ्या.

प्रतिसाद २

डिस्क फिरणारी आहे हे ऐकून बरं वाटलं. एसएसडी असती तर फॉरमॅट करतानाच विंडोजने ट्रिमचा, म्हणजे ती जागा आता मोकळी आहे असं डिस्कला कळवणारा, आदेश दिला असता आणि बहुतेक वेळा मग हाती काही लागत नाही. फिरणाऱ्या डिस्कवर क्विक फॉरमॅट म्हणजे फक्त नवी अनुक्रमणिका. मजकूर जागेवरच असतो. फुल फॉरमॅट मात्र विस्टापासून पुढे सगळीकडे शून्यं लिहितं. पण १ टीबीला त्यात तासन्‌तास जातात, आणि विंडोज टाकताना सेटअपमधून केलेलं फॉरमॅट क्विकच असतं.

तुमचा डी डिस्कच्या मागच्या भागात होता. नवी विंडोज सहसा सुरुवातीची काही दहा जीबी जागा घेते. म्हणजे जुना डी बराचसा शाबूत असण्याची चांगली शक्यता आहे.

डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला यूएसबी केबलने जोडा. विंडोजने "फॉरमॅट करायचं का" विचारलं तर नाही म्हणा. मग १ टीबीपेक्षा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर हिची संपूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये, घ्या. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून कॉम्प्युटर थेट लिनक्समध्ये सुरू होतो) डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने ती घेता येते. फक्त कुठून कुठे लिहायचं ते दोनदा तपासा, उलट झालं तर सगळं पुसलं जाईल. पुढचं सगळं काम इमेजवरच. कंटाळून ही पायरी गाळू नका. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मुळीच चालवू नका, थेट डेटा रिकव्हरी लॅबकडे द्या.

इमेज टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशनं (डिस्कचे भाग) शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. 'अ‍ॅनालाइज', मग 'क्विक सर्च', नाही सापडलं तर 'डीपर सर्च'. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल मांडणीत बूट सेक्टरची (पार्टिशनची माहिती असलेल्या पहिल्या तुकड्याची) एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी असते, तिच्यावरून जुन्या डीचा माग लागतो. सापडला की पी दाबा, आतली फोल्डरं दिसतील. हव्या त्या फोल्डरवर जाऊन सी दाबलं की दुसरीकडे कॉपी. 'राइट' हा पर्याय मात्र निवडू नका, तुम्हाला पार्टिशन परत बसवायचं नाही, फाइल्स काढायच्या आहेत.

धागाकर्ती

खूप खूप आभार! ओळखीच्या एका मुलाला बसवून इमेज घेतली. क्विक सर्चमध्ये काही नव्हतं, डीपर सर्चमध्ये जुना डी दिसला. पी दाबल्यावर आईने केलेली वर्षांची फोल्डरं ओळीने समोर आली! बहुतेक फाइल्स नीट उघडल्या. काही वर्ड फाइल्स मात्र उघडताना खराब असल्याचं सांगतात. त्यांचं काही करता येईल?

प्रतिसाद २

वा, छान झालं! त्या फाइल्सच्या काही भागावर नवं काही लिहिलं गेलेलं दिसतंय. डॉक्स फाइल म्हणजे मुळात झिप, अनेक फाइल्सचं एकत्र गाठोडं, असते. तिची प्रत करून नावाचा शेवट .झिप करा आणि सेव्हन-झिपने उघडून पाहा. आत 'वर्ड' फोल्डरमधली डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल निघाली तर मजकूर वाचता येईल, मांडणी गेली तरी.

त्यानेही नाही जमलं तर त्याच इमेजवर फोटोरेक हे फाइल्स शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. ते अनुक्रमणिका बघतच नाही, फाइलच्या सुरुवातीच्या खुणांवरून शोधतं. आईने आधी जतन केलेली एखादी जुनी आवृत्ती त्यात सापडू शकते. नावं मात्र राहत नाहीत, एफ आणि पुढे आकडे असं काहीतरी येतं. तारीख मजकुरात असणारच, तेव्हा वर्षाचा आकडा घालून आतल्या मजकुरात शोधा. सगळं मिळेपर्यंत मूळ डिस्क तशीच बाजूला ठेवा, लॅपटॉपमध्ये परत बसवू नका.